ब्रायटनचा किनारा आणि बायकांचा पोहण्याचा पोषाख

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर आगगाडीत बसले की तासाभरात ब्रायटन येते. स्थानकाबाहेर पडताच रस्ता जो उताराला लागतो तो थेट समुद्रापाशीच थांबतो. वाट कोणाला विचारावी लागत नाही. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघी जावा लंडनला पुतणीकडे महिनाभर राहिलो होतो. राजवाडे, पदार्थसंग्रहालये, राजाचे पहारेकरी हे सारे पाहून झाले होते. तरी ब्रायटनला जाण्याचा बेत ठरला तो काही निसर्गशोभेसाठी नव्हे. त्याचे कारण अगदी घरगुती होते, आणि ते सांगितल्यावाचून पुढचे लिहिणे उमजायचे नाही.

आम्हा दोघींपैकी थोरलीचे गुडघे चार वर्षांपासून दुखतात. डॉक्टरांनी औषधे दिली, शेक दिला, आणि शेवटी सांगितले की पाण्यात चालण्याचा व पोहण्याचा व्यायाम करा. पाणी शरीराचा भार उचलते, गुडघ्यावर तो पडत नाही. त्याप्रमाणे आमच्या शहरातील एका तलावावर आम्ही दोघी गेलो. थोरलीने जाडसर सुती सलवार-कमीज घातली होती. खिडकीपाशी बसलेल्या गृहस्थांनी ती पाहिली व सुती कपडे चालणार नाहीत असे सांगितले. सुताचे तंतू सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात हे त्यांचे कारण खरेच होते. त्यात त्यांचा दोष नव्हता. पण शेजारच्याच दुकानात टांगलेले जे पोषाख त्यांनी बोटाने दाखविले, ते पाहून अडुसष्ट वर्षांची आमची थोरली एक अक्षर न बोलता घरी परतली आणि पुन्हा त्या रस्त्याला फिरकली नाही. पुतणीला ही हकीकत कळली तेव्हा ती म्हणाली, “काकू, ज्या गावातून ही सारी भानगड सुरू झाली ते गाव तुला एकदा दाखवते. मग काय ते ठरव.”

ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही. मुरूडची किंवा गुहागरची पुळण डोळ्यांपुढे ठेवून गेलेल्या माणसाची तेथे निराशाच व्हायची. सारा किनारा लहानमोठ्या गोट्यांचा आहे. लाट परतताना त्या गोट्या एकमेकींवर घासत खाली जातात आणि चाळणीत हरभरे हलवावेत तसा आवाज येत राहतो. डावीकडे १८९९ सालचा पॅलेस पिअर समुद्रात शिरलेला; उजवीकडे १८६६ सालच्या जुन्या धक्क्याचा, २००३ च्या आगीतून उरलेला लोखंडी सांगाडा पाण्यात उभा.

अडीचशे वर्षांपूर्वी येथे कोळ्यांचे एक पडके खेडे होते. जवळच्या लूइस गावी डॉक्टर रिचर्ड रसेल नावाचे वैद्य होते. त्यांनी १७५० साली गाठींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा लॅटिन प्रबंध लिहिला. पाणी अंगावर घ्यावे, एवढेच नव्हे तर प्यावेही, असा त्यांचा उपदेश. दोनच वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर झाले व श्रीमंत मंडळींची रीघ लागली. म्हणजे पाश्चात्य स्त्री प्रथम समुद्रात उतरली ती मौजेसाठी नव्हे, औषध म्हणून. हे ऐकून थोरलीच्या चेहऱ्यावर किंचित समाधान दिसले.

औषधच ते, तेव्हा ते घेण्याची पद्धतही कडू होती. चार चाकांची लाकडी खोली, तिला घोडा जोडलेला. बाईने किनाऱ्यावरच्या दाराने कपड्यांनिशी आत जायचे, आतल्या काळोखात वस्त्रे बदलायची. तोवर घोडा ती खोली पाण्यात ओढून नेई. दुसरे दार उघडले की पायऱ्या आणि समुद्र. मार्गेट येथील बेंजामिन बील नावाच्या गृहस्थाने सुमारे १७५० मध्ये या गाडीला कापडी टप जोडला. तो खाली सोडला म्हणजे स्नान करणारी बाई पाण्यात असूनही कोणाच्या दृष्टीस पडत नसे. पायऱ्यांपाशी कमरभर पाण्यात एक दणकट स्त्री उभी असे. ती येणाऱ्या बाईला धरून पाण्याखाली बुचकळी आणि वर काढी. पोहण्याचा प्रश्नच नव्हता. सुप्रसिद्ध लेखिका फॅनी बर्नी हिने १७८२ च्या नोव्हेंबरात याच किनाऱ्यावर पहाटे सहा वाजता, चंद्र मावळला नसताना, मैत्रिणींसह असे स्नान केले. आमच्याकडे कार्तिकस्नानाला नाके मुरडणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या बुचकळणाऱ्या बायकांत मार्था गन ही सर्वांत नामांकित. पन्नास-साठ वर्षे तिने हे काम केले. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राची तिच्यावर मर्जी होती, आणि त्याच्या मुदपाकखान्यात तिला मुक्त प्रवेश होता. एकदा तेथे मिळालेला लोण्याचा गोळा तिने टोपीखाली लपविला. राजपुत्राच्या ते लक्षात आले आणि गप्पा मारीत मारीत त्याने तिला चुलीकडे इतके सरकविले की लोणी वितळून तोंडावर ओघळू लागले, अशी गोष्ट तेथे सांगतात. खरी असो वा नसो, गोकुळात शोभेल अशी आहे.

मार्थाची कबर पाहण्यासाठी आम्ही टेकडीवरच्या सेंट निकोलस देवळाच्या आवारात गेलो. १८१५ साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ती वारली. तिच्या जवळपासच आणखी दोन थडगी आहेत आणि ती पाहिल्यावाचून परत येऊ नये. एक फीबी हेसेलचे. ही बाई पुरुषाचा पोषाख करून फौजेत शिपाई झाली, १७४५ च्या फाँटेन्वाच्या लढाईत जखमी झाली आणि १८२१ साली १०८ वर्षांची होऊन याच गावी निवर्तली, असे तिच्या शिळेवर कोरले आहे. दुसरे थडगे आपल्या देशच्या माणसाचे. शेख दीन महंमद १७५९ साली पाटण्यास जन्मले. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारे पहिले हिंदी गृहस्थ तेच. लंडनात त्यांनी १८१० मध्ये हिंदुस्थानी पद्धतीची खाणावळ काढली. ती बुडाली तेव्हा ब्रायटनला येऊन त्यांनी वाफेच्या स्नानाचे व मालिशाचे गृह काढले आणि दोन राजांचे अंग चोळून दिले. आपल्या ‘चंपी’चा ‘शांपू’ झाला तो याच धंद्यातून. आज तेथे क्वीन्स हॉटेल उभे आहे. डोके धुण्याच्या बाटलीवर रोज वाचतो त्या शब्दाचा मालक येथे गवतात शांत झोपला आहे हे पाहून आम्हा दोघींनाही क्षणभर माहेरचे कोणी भेटल्यासारखे झाले.

येथपर्यंत पोषाखाचा विषय आलाच नाही, कारण तेव्हा पोषाख म्हणून काही नव्हताच. बायका फ्लॅनेलचा किंवा जाड सुताचा, मानेपासून पायापर्यंतचा झगा घालीत. पाण्यात तो फुगून वर येई. त्यावर तोड काढली होती तीही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांची पत्नी मार्था वॉशिंग्टन हिचा स्नानाचा निळा-पांढरा चौकड्यांचा झगा माउंट व्हर्नन येथे जतन केला आहे. त्याच्या घेरात शिशाचे तुकडे शिवलेले आहेत. झगा तरंगू नये म्हणून शिसे!

पुतणीने हे सांगितले तेव्हा धाकटी हसली. थोरली हसली नाही. रात्री तिने जे सांगितले ते लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत धाकटीनेही कधी ऐकले नव्हते. थोरलीचे माहेर कोकणात, खाडीच्या काठी. घरातले मुलगे पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. मुलींनी काठावर बसून कपडे राखायचे. ती नऊ वर्षांची असताना लग्नाहून परतणारी होडी खाडीच्या मध्यावर कलंडली. पुरुष पोहत काठाला लागले. तिची मावशी नऊवारी लुगड्यात होती. लुगडे पायांत गुंडाळले गेले, वर शालू पांघरलेला. पाणी फार खोल नव्हते, थोरली म्हणाली; काठावर उभ्या असलेल्या माणसाला मावशीचा हात दिसत होता. त्यानंतर ती समुद्रात घोट्यापलीकडे कधी उतरली नाही. “शिसे कशाला शिवायला हवे होते,” ती म्हणाली, “आमच्या नऊ वारांनी तेच काम केले असते.”

इंग्लंडातही शहाणपण आले ते याच मार्गाने. १८७८ च्या ३ सप्टेंबर रोजी थेम्स नदीत ‘प्रिन्सेस ॲलिस’ नावाची सहलीची आगबोट दुसऱ्या जहाजावर आदळून फुटली आणि सुमारे साडेसहाशे माणसे बुडाली. घेरदार झगे घातलेल्या बायकांना हातपाय मारताच येईनात. १९०४ साली न्यू यॉर्कच्या नदीत ‘जनरल स्लोकम’ ही आगबोट पेटली, तेव्हा हजारावर बळी पडले, त्यांत बायका-मुलांचाच भरणा होता. मुलींना पोहणे शिकविले पाहिजे, आणि शिकवायचे तर झगा सोडला पाहिजे, ही चर्चा अशा प्रेतांच्या राशी पाहिल्यावर जोर धरू लागली. पोषाख आखूड झाला तो नखऱ्यासाठी, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आमचीही होती. ती अर्धीच खरी आहे असे आता वाटते.

तोवर धीट मुली नव्हत्या असे नाही. ॲग्नेस बेकविथ ही चौदा वर्षांची मुलगी १८७५ मध्ये लंडन ब्रिजपासून ग्रिनिचपर्यंत, सुमारे पाच मैल, पोहत गेली होती. पण सामान्य बाईचा समुद्रावरचा वेष म्हणजे सर्जचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, खाली विजार, पायांत काळे मोजे, डोक्यावर टोपी. या वेषाला पहिला मोठा धक्का दिला ऑस्ट्रेलियाच्या ॲनेट केलरमनने. लहानपणी पाय अशक्त म्हणून तिला पोहायला घातले होते. तीच मुलगी १९०५ मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाण्यास निघाली. खाडी काही तिला पार झाली नाही. अंगाला घट्ट बसणारा, पायमोज्यांना जोडलेला एकसंध काळा पोषाख ती वापरी. १९०७ साली बॉस्टनजवळच्या किनाऱ्यावर तो पाहून पोलिसांनी आपल्याला पकडले, असे तिने पुढे स्वतःच सांगितले. इतक्या साखळ्या अंगावर वागवून मी कशी पोहू, असा तिचा सवाल होता.

ऑलिंपिक सामन्यांत बायकांच्या पोहण्याच्या शर्यती १९१२ साली स्टॉकहोमला प्रथम झाल्या. शंभर मीटरची शर्यत ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकने जिंकली. पण तिच्या जाण्यालाच केवढा विरोध! न्यू साउथ वेल्समधील स्त्रियांच्या जलतरणसंघाचा नियम होता की पुरुष प्रेक्षकांसमोर स्त्रीने शर्यतीत उतरू नये. संघाच्या अध्यक्षा रोझ स्कॉट या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेल्या बाई. नियम सैल झाला तेव्हा त्यांनी अध्यक्षपद सोडले. रोझबाईंना मागासलेली म्हणण्याची आमची छाती होत नाही. मुलींकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल हे त्या जाणून होत्या; फक्त त्या नजरेची शिक्षा त्यांनी मुलींना दिली, पाहणाऱ्यांना नाही.

पुढे १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ल या अमेरिकन मुलीने खाडी पार केली. तिच्या आधी पाच पुरुषांनी ती पार केली होती. त्या सर्वांपेक्षा सुमारे दोन तास कमी, म्हणजे साडेचौदा तास, तिला लागले. आधीच्या वर्षीच्या प्रयत्नात पोषाखाने अंग सोलून निघाले होते, म्हणून या खेपेस तिने व तिच्या बहिणीने रेशमी कापडाचा दोन तुकड्यांचा पोषाख घरीच तयार केला होता. समुद्रात साडेचौदा तास काढणाऱ्या मुलीने कोठे किती कापड असावे हे स्वतः ठरविले, आणि ते बरोबर ठरले.

या काळातील पोषाख लोकरीचे विणलेले असत. लोकर पाणी पिते. भिजला की पोषाख जड होऊन लोंबू लागे. ओरेगॉनमधील जँट्झेन गिरणीने स्वेटरच्या काठासारखी ताणली जाणारी उभी वीण वापरून तो अंगाला धरून ठेवला. पुढे १९३० नंतर रबराचा धागा गुंफलेले कापड आले, मग नायलॉन, आणि १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत शोधलेला तो ताणला जाणारा धागा, ज्याला आपण लायक्रा म्हणतो. आज घरोघरी त्याच्या विजारी आहेत.

आणि हा इतिहास वाचताना एक गृहस्थ सारखे भेटत राहतात, ते म्हणजे टेप घेतलेले गृहस्थ. १९२२ साली वॉशिंग्टनच्या तलावावर पोलीस अंमलदार गुडघ्यापाशी वाकून बायकांचे पोषाख मोजत असल्याची छायाचित्रे आहेत; गुडघ्याच्या वर सहा इंचांपेक्षा अधिक पाय दिसता कामा नये. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये क्लेअर डेनिस या मुलीच्या पाठीची पाती फार दिसतात म्हणून तिला बाद करण्याचा प्रयत्न झाला. तिने सुवर्णपदक मिळविले. मौजेची गोष्ट ही की २०१० पासून शर्यतींत पोषाख गुडघ्याखाली जाऊ नये असा नियम आहे! आदल्या वर्षी रोमच्या सामन्यांत सर्वांग झाकणाऱ्या, पाण्यात तरंगविणाऱ्या पोषाखांनी ४३ जागतिक उच्चांक मोडले होते, म्हणून ही बंदी आली. २००४ साली ऑस्ट्रेलियातील आहेदा झनेट्टी या बाईंनी मुसलमान मुलींसाठी डोक्यापासून पायापर्यंतचा पोषाख काढला, तर २०१६ मध्ये फ्रान्सच्या कित्येक किनाऱ्यांवर त्याला मनाई झाली; एका गावाची मनाई तेथील वरिष्ठ न्यायसभेने २६ ऑगस्टला स्थगित केली. थोडे घातले तरी टेप, फार घातले तरी टेप.

१९४६ सालच्या त्या प्रसिद्ध चिमुकल्या पोषाखाविषयी आम्हाला फार लिहावेसे वाटत नाही. लुई रेआर या मूळच्या एंजिनिअरने ५ जुलै रोजी पॅरिसच्या मोलितोर तलावावर तो दाखविला. नेहमीच्या प्रदर्शक मुलींतून अंगावर घालणारी मिळेना, तेव्हा एका नाट्यगृहातील नर्तकीने, मिशलिन बेर्नार्दिनीने, तो घातला. आम्हाला खटकते ते त्याचे नाव. चारच दिवसांपूर्वी बिकिनी बेटांवर अमेरिकेने अणुबाँबचा प्रयोग केला होता. त्यासाठी तेथील १६७ रहिवाशांना मार्चमध्येच दुसऱ्या बेटावर नेऊन ठेवले होते, आणि तेथे त्यांना पोटभर अन्नही मिळाले नाही. ज्यांचे गाव कायमचे गेले त्यांचे नाव कपड्याला पडले. कापड किती कमी, यावर जगभर गहजब झाला. नावावर फारसा कोणी केला नाही.

आपल्याकडेही गहजब झाला होताच. १९३८ साली ‘ब्रह्मचारी’ या मराठी बोलपटात मीनाक्षीबाई शिरोडकर पोहण्याच्या पोषाखात पडद्यावर आल्या आणि गाणे म्हणत पाण्यात खेळल्या. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. आमच्या सासूबाई सांगत की घरातल्या पुरुषांनी तो बोलपट नापसंत केला, आणि तो नापसंत करण्यासाठी दोनदा पाहिला. पुढे १९५९ च्या २९ सप्टेंबरला आरती साहा ही एकोणीस वर्षांची बंगाली मुलगी याच इंग्लिश खाडीतून पोहून आली. असे करणारी ती आशियातील पहिली स्त्री. तिच्या पोषाखाविषयी कोणी बोलल्याचे ऐकिवात नाही. सोळा तास वीस मिनिटे पाण्यात राहिलेल्या मुलीला कपड्यांविषयी विचारायला कोणी धजले नसावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीने पिशवीतून एक पोषाख काढला. गडद निळा, कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय, वर मांड्या झाकील असा घेर. लंडनच्या साध्या दुकानातून तिने आधीच आणून ठेवला होता. धाकटीसाठीही तसाच एक होता. धाकटीने ‘मला सर्दी आहे’ असे सांगून पाहिले, पण ते कोणी मनावर घेतले नाही.

धक्क्याच्या बाजूला, किनाऱ्याच्या रस्त्याखालच्या कमानींत ब्रायटनच्या पोहणाऱ्यांच्या संघाची जागा आहे. हा संघ १८६० सालचा. तेथून रोज सकाळी माणसे पाण्यात उतरतात. त्यांत पिकल्या केसांच्या बायकाच पुष्कळ होत्या. कोणी आखूड पोषाखात, कोणी लांब, एकीने तर वरून जुना सदराच चढविला होता. आमच्याकडे कोणीही पाहिले नाही. हे सांगायला सोपे आहे. पण आयुष्यात प्रथमच तसे काही घालून उघड्यावर आलेल्या बाईला, आपल्याकडे कोणी पाहत नाही हे उमजायला थोडा वेळ लागतो. तोवर आम्ही पंचे पांघरून गोट्यांवर उभ्या होतो, आणि पाय गारठून गेले होते.

थोरली पुढे झाली. गोट्या पायाखालून सरकतात, म्हणून पुतणीने एक हात धरला, धाकटीने दुसरा. पाणी सोळा-सतरा अंशांचे होते. घोट्यापर्यंत आले तेव्हा ती थांबली. आम्हाला कारण ठाऊक होते, म्हणून आम्ही ‘चला’ म्हटले नाही. एक लाट आली, गेली. मग तिने आपला हात सोडवून घेतला, खाली वाकून पोषाखाचे कापड मांडीपाशी चिमटीत धरले, पाण्यात हलवून पाहिले. ते पायाला गुंडाळले नाही.

“हे अडकत नाही गं,” ती म्हणाली, आणि कमरेपर्यंत गेली.

दहा मिनिटे ती तेथे चालत होती, इकडून तिकडे, धक्क्याच्या दिशेने आणि परत. पोहली नाही, पोहता येतच नाही. गुडघे दुखले का म्हणून विचारले तेव्हा म्हणाली, गुडघे आहेत की नाहीत तेच कळत नाही, इतके पाणी गार आहे. बाहेर आल्यावर तिचे दात वाजत होते. पुतणीने बाटलीतला चहा दिला. तो पीत असता थोरलीने दोन गोष्टी विचारल्या: हा पोषाख सामानात नेण्यापूर्वी वाळेल ना, आणि आपल्या शहरातल्या तलावावर बायकांची वेळ सकाळी किती ते किती असते.